पोट पाठीला

गोडोलीत पिठाच्या गिरणीवर, दुसऱ्या मजल्यावर
शाहीन आतार मॅडमचा पिलाटीजचा वर्ग.
खाली जातं फिरायला लागलं की वर चटई थरथरते
आणि उताण्या पडलेल्या आम्ही सात बायका
थोड्या थोड्या दळल्या जातो.

मी इथं आले ती कमरेपायी.
सव्वीस वर्षं पतसंस्थेची तीच खुर्ची,
दोन सिझेरियन,
आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हट्टानं घेतलेली गिअरची सायकल.
यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या वळणावर
पाय म्हणायचे चल, छाती म्हणायची चल,
आणि कमरेत कुणीतरी खिळा ठोकायचं.
मग मी हँडल आवळायची,
जणू घाट हातांनीच चढायचा असतो.

"मांड्या चांगल्या आहेत," मॅडम म्हणाल्या,
"गाभा झोपलाय."
घरी येऊन आरशात बघितलं.
टाक्यांच्या रेघेवर ओघळलेलं पोट,
झोपलेलंच होतं.
त्याला उठवावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं,
मलाही.

"बेंबी पाठीला लावा. अजून. अजून थोडी."

पोट पाठीला लागणं
हा आमच्या म्हसवडकडे व्यायाम नव्हता.
बहात्तर साली आई दहिवडीच्या रस्त्यावर खडी फोडायला होती,
पोटात थोरला भाऊ,
आणि तरी पोट पाठीला.
तेच लावायचे मी आता महिन्याला बाराशे रुपये भरते.
पावती मागून घेते, सवयीनं.

फेब्रुवारीत आई आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा माझ्यावर.
मी चटईवर. पाय अधांतरी, मान उचललेली,
हात बाजूला खालीवर, खालीवर, शंभर वेळा.
शंभर मला सोपे. शंभराची गड्डी बोटांत बसलेली.
पण साठाच्या पुढं नोटा जड व्हायला लागल्या.

"कोण बुडतंय गं?" आई म्हणाली.
हसू आलं, आकडा सुटला.
पुन्हा पहिल्यापासून.
मग ती बराच वेळ गप्प बसली.

"मालन, दम धरू नगंस.
पाटी उचलताना दम सोडायचा.
धरलास की कमरंत भरतंय."

मॅडम तीन महिने हेच सांगत होत्या,
भिंतीवर सांगाड्याचा तक्ता लावून.

"तुला कुणी शिकवलं?"

"पाटीनं."

एवढं बोलून ती कुशीवर वळली,
न दुखणाऱ्या डोळ्याच्या बाजूला.

रविवारी साडेपाचला बोगद्यापासून निघाले.
निकम डॉक्टर आणि त्यांची पोरं केव्हाच पुढं गेलेली,
त्यांचे लाल दिवे वळणावर दिसायचे, विझायचे.
पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्याच्या तोंडाशी जुन्या सवयीनं श्वास अडकला,
आणि मी तो सोडला.
पाटी उचलली.
पोट आत गेलं, पाठ लांब झाली,
हँडलवरची बोटं आपोआप सैल,
आईची पट्टी बदलताना होत होती तेवढी सैल.

खिळा आला. नाही असं नाही.
पण चौथ्याच्या पुढं,
आणि दार वाजवून.

कठड्याला सायकल टेकवून उभी राहिले.
खाली सातारा दिव्यांसकट पहाटेत विरघळत होता,
अजिंक्यतारा अजून काळाच.
फोन लावला. ती उठलेलीच असते.

"चढलीस?"
"चौथ्यापर्यंत."
"उतरताना नीट ये.
रिकामी पाटी जास्त हालती."

उतारावर पायांना काही काम नव्हतं.
वाऱ्यानं डोळ्यांत पाणी,
ब्रेकवर दोन दोन बोटं,
आणि मधे कुठंतरी, टाक्यांच्या रेघेच्या आत,
काहीतरी जागं,
मला धरून.